लहान दवाखान्यासाठी लसींची मागणी, खरेदी आणि साठवण

इंदूरमधील मराठी मंडळींच्या धर्मादाय दवाखान्यांत लसीकरणाचा वार ठेवण्याचा विषय निघाला की विश्वस्तांचा पहिला प्रश्न बहुधा "लस कितीला पडेल" हाच असतो. औषध भांडार सांभाळणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तो तिसरा किंवा चौथा प्रश्न आहे. महिन्याला मुले किती येणार, मागणी नोंदवल्यापासून लस हाती पडेपर्यंत किती दिवस जाणार आणि त्या दिवसांत, म्हणजे रविवारीही आणि दिवाळीच्या सुट्टीतही, ती २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात कोण सांभाळणार, हे आधी ठरले पाहिजे. हे काम नव्याने अंगावर घेणाऱ्या फार्मसिस्ट, परिचारिका किंवा विश्वस्तांसाठी पुढील मजकूर लिहिला आहे. कोणती लस कोणाला आणि कधी द्यायची हे डॉक्टरांचे काम असल्यामुळे त्यात येथे शिरलेलो नाही.

लस कोणत्या वाटेने येते

भारतात लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला आणि १९८५ पासून तो सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम म्हणून चालतो. या कार्यक्रमातील लसींसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालय निविदा काढते आणि खरेदी केलेल्या लसी राज्यांना विनामूल्य देते. प्रत्येक बॅच बाजारात किंवा कार्यक्रमात जाण्यापूर्वी कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेची मंजुरी लागते. तेथून पुढे कर्नाल, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई येथील केंद्र सरकारची औषध भांडारे, मग राज्याचे भांडार, मग विभाग, मग जिल्हा आणि शेवटी आरोग्य केंद्रातील शीतसाखळी केंद्र (लसी थंड ठेवून पुढे वाटण्याची जागा) अशी ही वाट आहे. मध्येच कारखान्यातून थेट राज्यालाही माल जातो. वाटेतला प्रत्येक टप्पा काही दिवस खातो, आणि तुमच्या मागणीपत्रावर हे दिवस कोठेही लिहिलेले नसतात.

इतर अनेक विकसनशील देशांत ही खरेदी युनिसेफच्या कोपनहेगन येथील पुरवठा विभागामार्फत होते. जगातील ५ वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ४५ टक्के मुलांच्या लसी हा एकच विभाग खरेदी करतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता, म्हणजे गुणवत्तेची आगाऊ मान्यता, मिळालेल्या लसीच घेतो. २००० मध्ये स्थापन झालेली 'गावी' ही लसींसाठीची आंतरराष्ट्रीय संस्था गरीब देशांना पैसा पुरवते, मात्र त्या देशांनाही आपला वाटा घालावा लागतो आणि देशाचे उत्पन्न वाढत जाते तसा तो वाटाही वाढतो. लॅटिन अमेरिकेतील देशांनी तर १९७९ पासूनच एक फिरता निधी चालवला आहे, ज्यातून सगळ्यांची मागणी एकत्र करून एकाच भावाने लस घेतली जाते.

इंदूरच्या एका दवाखान्याला याचे काय, असे कोणी विचारेल. भाव कशाने उतरतो हे या व्यवहारांतून कळते. आफ्रिकेतील मेंदूज्वराच्या पट्ट्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली मेनआफ्रिव्हॅक ही लस २०१० मध्ये बुर्किना फासोपासून सुरू झाली, तेव्हा तिचा भाव एका डोसाला ५० सेंटांहून कमी होता. लस बनवण्याआधीच परवडणारा भाव आणि खात्रीचे गिऱ्हाईक या दोन गोष्टी ठरलेल्या होत्या, म्हणून हे शक्य झाले. आपल्या पातळीवर याचा अर्थ साधा आहे: राजेंद्रनगर, छत्रीबाग आणि लोकमान्यनगर अशा भागांतील दोन-तीन न्यासांनी विकत घ्यायच्या लसींची वर्षाची यादी एकत्र करून एकाच वितरकाला दिली आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला माल उचलण्याची लेखी हमी दिली, तर दर महिन्याला स्वतंत्र घासाघीस करण्यापेक्षा ते फायद्याचे ठरते. वितरकालाही माल पडून राहण्याची धास्ती उरत नाही.

काय मागायचे आणि काय विकत घ्यायचे

बीसीजी, पोलिओ, पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्रित लस), गोवर-रुबेला, रोटाव्हायरस, न्यूमोकोकल यांसारख्या सार्वत्रिक कार्यक्रमातील लसी विकत घेण्याच्या फंदात धर्मादाय दवाखान्याने पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जिल्हा लसीकरण अधिकाऱ्यांना रीतसर अर्ज करून जवळच्या शीतसाखळी केंद्राशी दवाखाना जोडून घ्यावा. लसीचे पैसे घ्यायचे नाहीत, दिलेल्या प्रत्येक डोसाचा मासिक अहवाल द्यायचा आणि तापमानाची वही तपासणीसाठी खुली ठेवायची, या तीन गोष्टींची तयारी अर्जातच लिहून दाखवावी. पुष्कळ न्यास पहिली गोष्ट आनंदाने मान्य करतात आणि दुसरीवर अडतात. महिन्याचा अहवाल वेळेवर गेला नाही तर वरच्या भांडाराला तुमचा खप शून्य दिसतो आणि पुढच्या वाटपात तुमचे नाव मागे पडते. यात आकस कोणाचा नसतो. 'इ-विन' या साठा-नोंदणीच्या संगणकीय व्यवस्थेत, जी सर्वप्रथम सुरू झालेल्या राज्यांत मध्य प्रदेशही होते, केंद्राचा साठा आणि तापमान वरपर्यंत दिसते, पण त्या केंद्रातून तुम्ही नेलेल्या कुप्यांचे पुढे काय झाले हे तुम्ही कळवल्याशिवाय कोणालाही कळत नाही.

बाजारातून घ्यायच्या लसी म्हणजे कांजिण्या, हिपॅटायटिस-ए, फ्लू वगैरे. यांपैकी फ्लूची लस सावधपणे मागवावी, कारण तिची रचना हंगामानुसार बदलते आणि उरलेला माल पुढच्या हंगामात चालत नाही. पावसाळ्यापूर्वी थोडी घ्यावी आणि संपली तर पुन्हा मागवावी.

मागणीचा हिशेब

सूत्र सर्वांना ठाऊक असते: लाभार्थींची संख्या, गुणिले प्रत्येकाचे डोस, गुणिले वाया जाण्याचा गुणक. हा गुणक काढताना १०० ला, १०० वजा वाया जाण्याची टक्केवारी, या संख्येने भागतात. १० टक्के वाया जात असेल तर गुणक १.११ येतो, २५ टक्क्यांना १.३३ आणि ५० टक्क्यांना २. समजा तुमच्याकडे वर्षाला २४० बाळे येतात. पेंटाव्हॅलंटचे प्रत्येकी ३ डोस धरून ७२० डोस होतात, त्याला १.११ ने गुणल्यावर सुमारे ८०० डोस, म्हणजे १० डोसांच्या ८० कुप्या. महिन्याला ७ कुप्या धराव्यात.

हे गणित पेंटाव्हॅलंटला चालते, कारण उघडलेली कुपी ठरावीक अटींवर २८ दिवसांपर्यंत वापरता येते. बीसीजी आणि गोवर-रुबेला यांना ते चालत नाही, आणि नवा माणूस नेमका येथेच फसतो. या लसी भुकटीच्या रूपात येतात आणि द्रावकात मिसळल्यावर ४ तासांत वापराव्या लागतात. उरलेले टाकून द्यायचे, त्यात तडजोड नाही, कारण या मिश्रणात जंतूंना रोखणारे काही नसते आणि शिळ्या कुपीने बाळ दगावू शकते. त्यामुळे या लसींच्या कुप्या किती लागतील हे मुलांच्या संख्येपेक्षा लसीकरणाचे वार किती आहेत यावर अधिक ठरते. बीसीजीचेच पाहा: वर्षाला २४० बाळे आणि दर आठवड्याला एक वार, म्हणजे प्रत्येक वारी ४ किंवा ५ बाळे. १० डोसांची एक कुपी तरीही उघडावीच लागते, म्हणजे ५२ कुप्या, ५२० डोस आणि निम्म्याहून अधिक वाया. पंधरवड्याला एक वार ठेवला तर कागदावर २६ कुप्यांत काम भागते, पण एखाद्या वारी ११ बाळे येतात आणि दुसरी कुपी फोडावी लागते.

मग पंधरवडाच बरा, असे हिशेबनीस म्हणतील. मी तसे म्हणणार नाही. बीसीजी स्वस्त लसींपैकी एक आहे, आणि "पुढच्या पंधरवड्यात या" असे सांगितलेली आई पुन्हा येईलच याची खात्री नाही, विशेषतः ती बांधकामावर काम करणारी असेल तर. एका बाळासाठीही कुपी उघडावी, असाच सरकारी कार्यक्रमाचाही दंडक आहे. वाया जाणारे डोस मागणीत उघडपणे धरावेत, ते कमी दाखवण्यासाठी बाळ परत पाठवू नये.

लाभार्थींचा आकडा मात्र कॅलेंडर पाहून बारा महिन्यांत वाटावा. बारा समान भाग करू नयेत. इंदूरच्या इमारतींवर राबणारी कुटुंबे झाबुआ, आलीराजपूर, धार या भागांतून येतात. होळीच्या आधी भगोरिया या आदिवासी उत्सवासाठी ती गावी जातात आणि पहिल्या पावसाला पेरणीसाठी पुन्हा जातात. त्या आठवड्यांत उपस्थिती घसरते आणि ती परतल्यावर राहिलेली मुले एकदम येतात. दिवाळीत मध्यमवर्गीय कुटुंबेही फिरकत नाहीत. आशा कार्यकर्त्या आणि अंगणवाडीच्या ताई यांना वस्तीत कोण आले, कोण गेले याची जी खबर असते, ती कोणत्याही वहीत सापडत नाही, म्हणून महिन्याचे मागणीपत्र भरण्यापूर्वी त्यांच्याशी बोलून घ्यावे.

पुन्हा मागणी कधी नोंदवायची याचाही आकडा ठरवून कपाटावर चिकटवून ठेवावा. माल यायला १५ दिवस लागत असतील तर त्या काळात पेंटाव्हॅलंटच्या साडेतीन कुप्या लागतील. त्यात महिन्याच्या खपाच्या २५ टक्के, म्हणजे पावणेदोन कुप्या राखीव धरल्या की सव्वापाच होतात. साठा ६ कुप्यांवर आला की मागणी गेली पाहिजे. आणि फ्रीजमध्ये जागा आहे म्हणून ९ कुप्यांहून जास्त ठेवू नये. लहान दवाखान्यात जादा साठा म्हणजे वीज गेल्यावर जादा नुकसान. लसीसोबत तितकाच, त्याच उत्पादकाचा द्रावक आणि तितक्याच स्वयंबाद (एका वापरानंतर आपोआप निकामी होणाऱ्या) सिरिंजा आल्या आहेत का हेही मोजावे. कुप्या आहेत आणि द्रावक नाही, अशा अवस्थेत वार रद्द करावा लागणे फार लाजिरवाणे असते.

दवा बाजारातून खरेदी

विकत घ्यायच्या लसींसाठी इंदूरात दवा बाजार आहेच. पण तेथे जाण्यापूर्वी कागद पाहावेत. लस ही औषध कायद्याच्या अनुसूची 'सी' मधील वस्तू आहे, त्यामुळे दवाखान्याच्या औषध दुकानातून ती विकायची असेल तर फॉर्म २० सोबत फॉर्म २१ चाही परवाना लागतो. नोंदणीकृत डॉक्टरांना स्वतःच्या रुग्णांसाठी औषध ठेवण्याची जी सवलत आहे, ती काउंटरवरच्या विक्रीला लागू नाही. वितरक निवडताना तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: मुदत संपायला किमान ६ महिने उरलेला माल, मुदत संपत आलेला माल परत घेण्याची अट आणि पोचवण्याची वेळ. ही वेळ सकाळची असावी, आणि शनिवारी संध्याकाळचा माल कधीही स्वीकारू नये, कारण पुढचा पूर्ण दिवस त्याकडे पाहायला कोणी नसते.

मे महिन्यात पारा ४२ अंशांवर असताना वितरकाचा पोऱ्या स्कूटरवरून थर्माकोलचा डबा घेऊन येतो, तेव्हा त्याच्या पावतीवर सही करण्याआधी डबा त्याच्यासमोर उघडावा. आत हात घालण्यापूर्वी थर्मामीटर ठेवून तापमान लिहून घ्यावे. मग बर्फाच्या पिशव्या पाहाव्यात. उन्हाच्या भीतीने बहुतेक जण फ्रीझरमधून काढलेल्या पिशव्या, त्यांच्यावर पांढरे हिम साचलेले असताना, थेट लसीच्या खोक्याला टेकवून भरतात, आणि वर "सर, एकदम ठंडा है" असे अभिमानाने सांगतात. हिपॅटायटिस-बी, पेंटाव्हॅलंट, टीडी (धनुर्वात-घटसर्प), न्यूमोकोकल अशा लसींना हेच घातक आहे. त्या गोठल्या की निकामी होतात आणि वितळल्यावर वरवर पाहता तशाच दिसतात. बर्फाच्या पिशव्या थोडा वेळ बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येऊ लागला की मगच भराव्यात, हे पोऱ्याला शिकवावे लागले तर शिकवावे.

सरकारी कुप्यांवर उष्णता दाखवणारे चिन्ह असते: वर्तुळात एक चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तोवर लस वापरावी, दोन्ही एकाच रंगाचे झाले किंवा चौकोन गडद झाला की टाकावी. ही सोय पोलिओच्या तोंडी लसीवर १९९६ पासून आली. खासगी बाजारातील अनेक पाकिटांवर हे चिन्ह नसते, त्यामुळे तेथे तुमची तापमानाची नोंद हाच एकमेव पुरावा. आणि हे चिन्ह फक्त उष्णता सांगते, गोठणे सांगत नाही, हे दोनदा लक्षात ठेवावे.

गोठल्याचा संशय आल्यास हलवून पाहण्याची चाचणी करता येते. त्याच उत्पादकाची, त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम घट्ट गोठवावी, तिच्यावर ठळक खूण करावी आणि मग ती वितळू द्यावी. संशयित कुपी आणि ही कुपी एकाच हातात धरून जोरात हलवावी, दोन्ही शेजारी उजेडात ठेवाव्यात आणि अर्धा तास पाहावे. गोठवलेल्या कुपीत गुठळ्या दिसतात आणि गाळ भराभर तळाशी बसून वरचे पाणी नितळ होते. संशयित कुपीतला गाळ तितक्याच वेगाने बसला तर तो माल वापरायचा नाही. जी कुपी डोळ्यांदेखत घट्ट गोठलेली सापडली तिला ही परीक्षा देऊ नये, ती थेट बाद करावी. इंजेक्शनच्या पोलिओ लसीला ही चाचणी लागू पडत नाही, कारण तिच्यात गाळ धरणारे ॲल्युमिनियमचे क्षार नसतात.

साठवण

शक्य असेल तर बर्फाचे अस्तर असलेला, वरून उघडणारा लसींचा फ्रीज, म्हणजे आयएलआर, घ्यावा. दिवसाला सलग ८ तास वीज मिळाली तरी तो तापमान धरून ठेवतो. गोठण्याने बिघडणाऱ्या लसी त्याच्या तळाशी न ठेवता वरच्या टोपलीत ठेवाव्यात. घरगुती फ्रीजवर निभावायचेच असेल तर दारात आणि बर्फाच्या कप्प्याला लागून लस ठेवू नये, खालचा भाजीचा कप्पा काढून तेथे पाण्याच्या बाटल्या भराव्यात आणि त्यात कोणाचाही डबा, दही किंवा थंड पाण्याची बाटली शिरू देऊ नये. तापमान दिवसातून दोनदा, सुट्टीच्या दिवशीही, पाहून सहीसह लिहावे. रोज न चुकता "४ अंश" लिहिलेली वही मला नेहमी संशयास्पद वाटते, खऱ्या फ्रीजचा आकडा थोडाफार हलतो. वापरताना ज्या कुपीची मुदत आधी संपते ती आधी काढावी, पण एखाद्या कुपीवरचा चौकोन इतरांपेक्षा गडद झालेला असेल तर तिला पहिला मान द्यावा.

पुरवठा खंडित झाला तर

२००८ मध्ये कसौली, कुन्नूर आणि गिंडी येथील तीन सरकारी लस कारखान्यांचे उत्पादन गुणवत्तेच्या निकषांवरून थांबवण्यात आले, आणि २०१० मध्ये ही बंदी उठेपर्यंत कार्यक्रमाला खासगी उत्पादकांवर विसंबावे लागले. मार्च २०२१ मध्ये भारतातून कोविड लसीची निर्यात थांबली तेव्हा कोवॅक्स या कोविड लसींच्या जागतिक वाटप योजनेवर अवलंबून असलेल्या आफ्रिकी देशांचे दुसरे डोस अडकले. एखाद्या लसीचे उत्पादक मोजके असले की एका ठिकाणची अडचण हजारो मैलांवर पोचते. इंजेक्शनच्या पोलिओ लसीचा जगभर तुटवडा पडला तेव्हा भारताने २०१६ पासून ०.१ मिलिलिटरचा, त्वचेत द्यायचा अंशात्मक डोस स्वीकारला. ही वाट तज्ज्ञांच्या अभ्यासावर निघाली होती. दवाखान्याने आपल्या मनाने डोस अर्धा करणे हा सर्वस्वी वेगळा आणि अक्षम्य प्रकार आहे.

तुटवड्यात दवाखान्याने करायचे ते एवढेच: राहिलेल्या मुलांची नावे, आईचा फोन आणि कितवा डोस बाकी आहे याची वेगळी यादी ठेवावी, आणि जिल्हा कार्यालयामार्फत दुसऱ्या केंद्राकडे जादा कुप्या आहेत का ते विचारावे. स्वतःकडे जादा असतील तर न लपवता कळवावे. पालकांना हे आवर्जून सांगावे की डोसांमधील अंतर वाढले म्हणून मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, राहिलेल्या डोसापासून पुढे चालू होते. हे न कळल्यामुळे "आता सगळं वायाच गेलं" असे समजून घरी बसणारे पालक थोडे नाहीत.

वर्षाअखेरीस, मार्च उजाडण्यापूर्वी, प्रत्येक लसीचे वापरात काढलेले डोस आणि प्रत्यक्ष दिलेले डोस यांतील फरकाला काढलेल्या डोसांनी भागून वाया गेलेल्याची टक्केवारी काढावी. ती दोन भागांत लिहावी: उघडलेल्या कुपीत उरलेले डोस एका बाजूला, आणि न उघडताच बाद झालेल्या कुप्या दुसऱ्या बाजूला, प्रत्येकीपुढे मुदत संपली, गोठली, तापली किंवा फुटली असे कारण घालून. पहिला आकडा पुढील वर्षाच्या गुणकात धरावा. दुसरा गुणकात मिसळू नये, तो स्वतंत्र कागदावर विश्वस्तांपुढे ठेवावा आणि नवा आयएलआर, स्टॅबिलायझर किंवा वितरक बदलण्याचा निर्णय त्याच बैठकीत मागावा.